तंबोरा पडला, कारण तुमच्या माहितीपत्रकात भिंतीबद्दल एक ओळही नाही

जुळे सोलापूर
दि. ५ जानेवारी २०२६

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय

विषय : वाद्यं भिंतीवर लावण्याच्या संचातला हूक उपटून तंबोरा फुटल्याबद्दल, आणि माहितीपत्रकातल्या त्रुटींबद्दल.

महोदय / महोदया,

१२ ऑक्टोबर २०२५ रोजी मी तुमच्याकडून ‘स्वतः जोडा’ प्रकारातला, वाद्यं भिंतीवर लावण्याचा संच ३,४९९ रुपयांना ऑनलाइन मागवला. त्यात तीन हूक, दोन फळ्या, स्क्रू, प्लॅस्टिकच्या गिट्ट्या आणि आठ पानी माहितीपत्रक होतं. ६ डिसेंबरच्या रात्री त्यातला एक हूक भिंतीतून उपटून आला आणि माझ्या वडिलांचा तंबोरा खाली पडून त्याचा भोपळा फुटला. दुसऱ्याच दिवशी मी तक्रार नोंदवली. ११ तारखेला ‘जोडणी चुकीची झाली असल्याने तक्रार बंद करत आहोत’ असं उत्तर आलं, सोबत पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचं कूपन. हे उत्तर मला मान्य नाही. जोडणी तुमच्या माहितीपत्रकाबरहुकूम झाली होती आणि म्हणूनच तंबोरा पडला, हे नीट समजावून सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी घरी गायनाचे क्लास घेते. वरच्या मजल्यावर दहा बाय बाराची एक खोली आहे, त्यात संध्याकाळी आठ-नऊ मुलं बसतात. तंबोरा कोपऱ्यात गवसणीत उभा, तबला-डग्गा पलंगाखाली आणि पेटी कपाटावर, अशी वर्षानुवर्षांची मांडणी. मुलं उठता-बसता तंबोऱ्याला धडकायची, म्हणून जीव टांगणीला लागलेला असायचा. शिवाय माझं पहिल्यापासूनचं मत आहे की वाद्य झाकून ठेवलं की रियाजही झाकला जातो. समोर दिसलं की हात आपोआप तिकडे जातो. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बारावीतला माझा मुलगा आणि मी मिळून एक भिंत वाद्यांसाठी सजवायची ठरवली. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो आणि पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत तापलेली राहते, म्हणून आम्ही आतली, उन्हाचा स्पर्श नसलेली भिंत निवडली. ही काळजी आम्ही आमच्या अनुभवाने घेतली. तुमच्या पत्रकात उन्हाचा उल्लेखही नाही.

२६ ऑक्टोबरला काम केलं. पत्रकाच्या चौथ्या पानावर लिहिलं आहे की ८ मिमीच्या बिटने, ड्रिलचा हॅमर (ठोके देत भोक पाडण्याची सोय) चालू ठेवून भोक पाडा, गिट्टी ठोका आणि स्क्रू घट्ट करा. मुलाने पातळी लावून, पेन्सिलने खुणा करून अगदी तसंच केलं. खोक्यावर प्रत्येक हुकाची क्षमता ७ किलो छापलेली आहे. मी तंबोरा घेऊन वजनकाट्यावर उभी राहिले, मग तो ठेवून पुन्हा उभी राहिले. फरक सव्वाचार किलोचा आला. म्हणजे तुम्ही सांगितलेल्या मर्यादेच्या पुष्कळ आत. खोक्यावर गिटार आणि व्हायोलिनच्या शेजारी तंबोऱ्याचं चित्र आहे, ते पाहूनच मी हा संच घेतला होता.

पहिल्या आठवड्यापासूनच दोन गोष्टी खटकत होत्या. एक म्हणजे रात्री लावून ठेवलेला सूर सकाळी उतरलेला असायचा, तोही बाजूच्या दोन खुंट्यांच्या तारांचाच. दुसरी गोष्ट, हुकाच्या काळ्या फोमने दांडीच्या पॉलिशवर डाग पाडायला सुरुवात केली. महिनाभराने तंबोरा काढून पाहिला तर दोन्ही बाजूंना बोटभर लांबीचे काळे, चिकट वळ उमटले होते. आमच्या तंबोऱ्याला जुन्या पद्धतीचं लाखेचं पॉलिश आहे. काही प्रकारचे रबर आणि फोम अशा पॉलिशला सतत टेकून राहिले की ते मऊ पडतं, हे वाद्यं दुरुस्त करणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. मी त्या जागी बनातीची पट्टी गुंडाळली आणि तंबोरा परत टांगला. तेव्हाच तो खाली उतरवून ठेवायला हवा होता, याची रुखरुख मला आजही आहे. पण सूर का उतरतो याचं कारण तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

६ डिसेंबरला रात्री अडीचच्या सुमारास वरून आवाज आला. आधी चारही तारा एकदम झणाणल्या आणि पाठोपाठ मडकं फुटावं तसा आवाज झाला. धावत वर जाऊन दिवा लावला. तंबोरा पालथा पडला होता. भोपळ्याला तळहाताएवढं भगदाड पडून तो तुकडा आत गेला होता, तिथून एक चीर वर तबलीपर्यंत, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणापर्यंत, गेली होती. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी निसटून दूर उडाली होती. हूक अजूनही दांडीतच अडकलेला होता, स्क्रू आणि गिट्ट्यांसकट. गिट्ट्या तुटल्या नव्हत्या, वाकल्याही नव्हत्या. त्या भिंतीतून सबंध निघून आल्या होत्या आणि त्यांच्यावर राखाडी भुकटी चिकटलेली होती.

त्या भुकटीतच सगळं उत्तर आहे. आमच्या घराचा खालचा मजला १९९८ सालचा, पक्क्या विटांचा. वरची खोली २०१९ मध्ये एएसी ब्लॉकमध्ये बांधली. हे ब्लॉक सिमेंट, चुना आणि बहुधा औष्णिक वीज केंद्राच्या राखेचे असतात. त्यात थोडी ॲल्युमिनियमची भुकटी घालतात, तिच्यामुळे बुडबुडे उठून ब्लॉक पावासारखा जाळीदार होतो. त्याच मापाच्या विटेच्या साधारण एक तृतीयांशच त्याचं वजन भरतं. सोलापुरात काय किंवा कुठेही काय, गेल्या काही वर्षांत बांधलेल्या घरांमध्ये अशा भिंती सर्रास दिसतात. अशा भिंतीत हॅमर चालवला की भोक आठाचं न राहता आतून खचून मोठं होतं. तिथे हॅमर बंद ठेवून भोक पाडायचं असतं आणि त्या ब्लॉकसाठीच बनवलेल्या, लांब, आत फाकणाऱ्या नायलॉनच्या गिट्ट्या वापरायच्या असतात. तुमची गिट्टी ३५ मिमीची आहे. त्यातले १२ मिमी आमच्या प्लास्टरमध्येच गेले. ब्लॉकमध्ये शिरली ती उरलेली २३ मिमी, तीही सैल भोकात.

याला पुरावाही घरातच आहे. तुमच्या संचातली तबल्याची फळी आम्ही खालच्या मजल्यावर, विटेच्या भिंतीत, त्याच गिट्ट्यांनी लावली आहे. तबला-डग्गा चुंबळीसकट तिच्यावर अडीच महिने ठेवलेला आहे आणि ती जरासुद्धा हललेली नाही. फळी चांगली आहे, हे मी मोकळेपणाने सांगते. माल वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. कोणती भिंत आणि कोणतं वाद्य, हे तुम्ही ग्राहकाला सांगितलं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता वाद्याबद्दल. तुमचा हूक गिटारसाठी केलेला आहे. गिटारचं डोकं मानेपेक्षा रुंद असतं, त्यामुळे ते हुकाच्या दोन हातांवर नीट बसतं. तंबोऱ्याच्या दांडीला वर असं रुंद डोकं नसतं. हुकाचे हात दांडीच्या रुंदीइतके फाकवले की ती त्यातून सरळ खाली सरकते आणि बाजूच्या दोन खुंट्यांवर अडकते. म्हणजे सव्वाचार किलोचा सगळा भार त्या दोन खुंट्यांवर. खुंट्या भोकात फक्त घट्टपणाने बसलेल्या असतात, रोज थोड्या थोड्या फिरत होत्या आणि सूर उतरत होता तो यामुळे. दुसरं असं की गिटारची पाठ सपाट असते आणि तंबोऱ्याला मागे भोपळा असतो. हुकाचे हात भिंतीपासून जेमतेम १० सेंटिमीटर पुढे आलेले. त्यामुळे भोपळा भिंतीला टेकतो, भिंत त्याला पुढे रेटते आणि त्या रेट्याने वरचे स्क्रू दिवसरात्र बाहेर ओढले जातात. खाली दाबणारं वजन गिट्टी बऱ्यापैकी पेलते. सरळ बाहेर ओढणारा जोर मऊ भिंतीत तिला पेलत नाही. तुमच्या ७ किलोच्या आकड्यात हा जोर धरलेला आहे का, हे मला लेखी हवं आहे. तंबोऱ्याचं चित्र छापण्यापूर्वी एखादा खरा तंबोरा या हुकावर महिनाभर टांगून पाहिला होता का, हेही कळवावं.

तुमच्या उत्तरात म्हटलं आहे की भिंतीच्या प्रकाराची खात्री ग्राहकाने करावी, असं अटींमध्ये दिलेलं आहे. मी शोधलं. त्या अटी तुमच्या संकेतस्थळावर इंग्रजीत आहेत. खोक्यावर नाहीत, माहितीपत्रकात नाहीत, आणि एएसी हा शब्द त्या अटींतही नाही. फोनवरच्या मुलीने मला सांगितलं की भारतीय वाद्यांसाठी हा संच नाही. ती बिचारी समोर लिहिलेलं वाचत असेल, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मग खोक्यावर तंबोरा कशाला?

हा तंबोरा वडिलांनी १९८७ मध्ये मिरजेत बनवून घेतला. तेव्हा त्या मार्गावर नॅरोगेजची छोटी गाडी होती. मिरज ते कुर्डुवाडी हा सगळा प्रवास त्यांनी तो मांडीवर आडवा घेऊन केला आणि कुर्डुवाडीला गाडी बदलून सोलापूरला आणला. सोलापुरी चादर कापून आईने त्याची गवसणी शिवली, ती अजून आहे. असे भोपळे आपल्याच जिल्ह्यात, भीमेच्या काठाला, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकतात. कडू असतात, खायच्या कामाचे नाहीत. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण वडील ते ऐकायला नव्हते. मी मिरजेच्या कारागिरांना फोटो पाठवले. त्यांचं म्हणणं असं की तबली उतरवून आतून कापड लावून चीर सांधता येईल, पण भगदाडाचा तुकडा धरला नाही तर भोपळाच बदलावा लागेल. सुमारे साडेनऊ हजारांचा अंदाज त्यांनी दिला आहे. भोपळा बदलला की आवाज बदलतो. अडतीस वर्षं ज्या आवाजावर मी ‘सा’ लावला, तो परत येईलच असं ते सांगू शकत नाहीत.

मधल्या काळात मुलाने आणि मी एक साधी सोय केली आहे. ती तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सांगते. सुताराकडून सागाची दीड फूट औरस-चौरस फळी घेतली, तिच्यावर सुंभाची जाड चुंबळ करून बसवली आणि वरून जुन्या चादरीचं कापड चढवलं. भोपळा त्यात बसतो. भिंतीला साडेतीन फुटांवर एक लाकडी ठोकळा आहे, त्याला बनात लावलेली खाच आहे, दांडी त्या खाचेत टेकते आणि सुती पट्ट्याने सैलसर बांधली जाते. सगळं वजन जमिनीवर, भिंतीचा फक्त आधार. फळीच्या तिन्ही बाजूंना दोन इंची पट्टी आहे, त्यामुळे मुलांचा पाय थेट भोपळ्याला लागत नाही. सध्या क्लाससाठी शेजारच्या काकूंचा तंबोरा आणला आहे, तो याच्यावर उभा असतो. वाद्य समोर दिसतं आणि मला रात्री झोपही लागते. एकूण खर्च सातशे रुपयांच्या आत.

आता माझ्या मागण्या. तंबोरा टांगायच्या हुकांसह संपूर्ण संचाची किंमत परत मिळावी आणि तंबोऱ्याच्या दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च बिलाप्रमाणे मिळावा. पण पैशांपेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. खोक्यावरचं तंबोऱ्याचं चित्र काढा, किंवा तंबोऱ्याला चालेल असा हूक बनवा. माहितीपत्रकात पहिल्याच पानावर, मराठी आणि हिंदीत, वीट, काँक्रीट आणि एएसी अशा भिंतींसाठी वेगवेगळ्या सूचना द्या. फोमच्या जागी बनात किंवा कातडं वापरा. आणि ज्यांनी हा संच आधीच घेतला आहे त्यांना संदेश पाठवा. त्यांचे मोबाइल क्रमांक तुमच्याकडे आहेतच. एखाद्या घरात याच हुकाखाली मूल झोपत असेल, या विचाराने मी अस्वस्थ होते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ प्रमाणे, योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा दिला नसेल तर उत्पादकाची जबाबदारी येते. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तोपर्यंत उत्तर आलं नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तशी वेळ येऊ नये, असं मनापासून वाटतं.

उपटलेला हूक, गिट्ट्या आणि भिंतीतली भुकटी एका डब्यात जपून ठेवली आहे. तुमचा माणूस येऊन पाहू शकतो, भिंतीतली भोकंही बुजवलेली नाहीत. मात्र डबा लेखी पोच दिल्याशिवाय नेता येणार नाही. येत्या गुरुवारी मी तंबोरा घेऊन पंढरपूरमार्गे मिरजेला जाते आहे. दुरुस्तीचं बिल हाती आलं की त्याची प्रत पाठवीन.

आपली ग्राहक,
गायन शिक्षिका, जुळे सोलापूर
(नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक ऑर्डरवर आहे तोच.)

सोबत : खरेदीची पावती, ११ डिसेंबरच्या उत्तराची प्रत, खोक्याचे, भिंतीचे आणि तंबोऱ्याचे मिळून चौदा फोटो.