बाबा, वही घेऊन या

मुंबई, रविवार सकाळ

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर कवितेचा विषय काढला की बाबा "बरं, बरं" म्हणून फोन आईकडे देतात. म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, बाबा. डोळ्यांत थेंब घालून झाले की दुपारी सावकाश वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी नायगावला जाते हे तुम्हाला माहीत आहे. तिथे काय चालतं ते मात्र नीट सांगायचं राहून गेलं. एका शाळेचा तिसरीचा वर्ग आम्हाला संध्याकाळी दोन तास मिळतो. भिंतीवर पाढ्यांचे तक्ते, बुटकी बाकं, एक थर्मास चहा. माणसं पंधरा-सोळा. बेस्टचे एक कंडक्टर आहेत, मूळचे लातूरचे. दोघी नर्स आहेत. चंद्रपूरकडचे एक गृहस्थ आहेत, धुळ्याची एक मुलगी आहे, आणि कोकणातल्या आम्ही तिघी. प्रत्येकाने एक कविता आणायची, नाव न घालता तिच्या झेरॉक्स वाटायच्या. ज्याची कविता त्याने वाचायची नाही, दुसरं कोणीतरी वाचतं. कवीने गप्प बसून ऐकायचं आणि वाचणारा जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत खुलासा करायचा नाही. हे गप्प बसणं फार अवघड असतं, पण कवितेत जे उतरलंच नाही ते तिथे लख्ख दिसतं. कविता कशी लिहावी यावर मी दोन-तीन व्याख्यानं ऐकली आहेत. त्यांतून जे हाती लागलं नाही ते त्या बाकांवर लागलं.

गेल्या महिन्यात माझी कविता तयार नव्हती. मग मी तुमची नेली, बाबा. न विचारता नेली, त्याबद्दल रागावू नका. टोपाची. वही माझ्याजवळ नाही, पण लहानपणी ऐकलेली ती पाठ होती. फक्त मधली एक ओळ काही केल्या आठवेना. आईला फोन केला. ती तांदूळ धूत होती, पाण्याचा आवाज येत होता. ती थांबलीसुद्धा नाही, तशीच म्हणून मोकळी झाली:

कौलातसून पाणी गळता, आवशीन टोप ठेवल्यान
टोप घरात एकच आसा, भात कशात शिजवतली?

"टोप घरात एकच आसा" हीच ती ओळ. ती नसती तर पुढचा भात उपरा झाला असता. आई, इतकी वर्षं हे सगळं तुझ्या तोंडी होतं आणि तू कधी बोलली नाहीस.

कविता वाचायला आली कंडक्टरकाकांकडे. 'आवशीन' ला ते थबकले, दोनदा वाचून पाहिलं आणि पुढे गेले. शेवटच्या ओळीनंतर कोणी काही बोललं नाही. मग धुळ्याची मुलगी म्हणाली, आमच्याकडे पत्र्याचं घर होतं, आई परात ठेवायची. एवढंच. त्यावर पाऊण तास बोलणं चाललं. कडव्याचा शेवट प्रश्नावर करावा का, टोप आधी यावा की पाणी, असं सगळं. 'आवशीन' ऐवजी 'आईने' घातलं तर काय होईल तेही करून पाहिलं. सगळ्यांचं एकमत झालं की कविता मरेल.

हे ऐकताना मला ती रात्र आठवत होती, बाबा. तुम्ही तिच्याबद्दल कधी बोलत नाही, पण मी होते तुमच्याबरोबर. अकरा वर्षांची होते, वहीची पिशवी माझ्याकडे होती. कविसंमेलनाच्या यादीत साठ-पासष्ट नावं होती आणि तुमचं नाव पुकारलं तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. मंडपवाले मागच्या खुर्च्या एकात एक घालत होते. तुम्ही दोन ओळी म्हटल्या आणि सूत्रसंचालक माईकवरून म्हणाले, "गुरुजी, शुद्ध भाषेतलं काही आहे का? आणि जरा आटपा." तुम्ही नमस्कार करून खाली उतरलात. पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत आपण एसटी स्टँडवर बसलो. तुम्ही मला तुमची शाल दिलीत. घरी आल्यावर वही ट्रंकेत गेली ती गेलीच.

त्या माणसाचं चुकलं होतं. हे मी तेव्हा तुम्हाला म्हणायला हवं होतं, पण अकरा वर्षांच्या मुलीला कळत नाही काय म्हणावं. आज म्हणते. साठ कवींना एका रात्रीत बसवणाऱ्यांना ऐकायचंच नसतं. आणि शुद्ध-अशुद्धाचा तो प्रश्न भाषेचा नव्हताच, मंडपात कोणाला जागा द्यायची याचा होता.

हा झगडा किती जुना आहे ते तुम्हीच मला शिकवलंत. न्या. रानड्यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरली. दुसऱ्या सभेचं निमंत्रण जोतीरावांना गेलं, तेव्हा १८८५ साली त्यांनी यायला नकार देणारं पत्र लिहिलं. कष्टकऱ्यांचं दुःख ज्या सभेत येत नाही तिथे आपण का यावं, हा त्याचा गाभा. पुढे १९५८ साली इथे मुंबईतच पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं आणि उद्घाटनाला अण्णाभाऊ साठे उभे राहिले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलितांच्या आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे, हे त्यांनी तिथे सांगितलं. मोठ्या मंडपात आपल्याला जागा नसेल तर लोक आपला मंडप घालतात. आमचे चंद्रपूरचे गृहस्थ सांगतात, तिकडे झाडीबोलीची वेगळी संमेलनं भरतात. खानदेशात अहिराणीची भरतात. आपल्याकडे मधु मंगेश कर्णिकांनी १९९१ साली कोकण मराठी साहित्य परिषद उभी केली आणि मालगुंडला केशवसुतांचं स्मारक झालं. शाळेची सहल घेऊन तुम्ही तिथे गेला होतात, माझ्याकडे फोटो आहे.

मोठ्या संस्थांवर माझा राग नाही, हेही लिहायला हवं. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात मी अजून जाते. १८९८ सालची संस्था, आणि तिथे जुने अंक चाळत बसलं की घड्याळ विसरायला होतं. गिरगावात साहित्य संघ १९३५ पासून उभा आहे. अशा संस्था टिकल्या म्हणून तर आमच्यासारख्यांना तिसरीच्या वर्गात बसून प्रयोग करता येतात. मराठीला अभिजात दर्जा मिळाला, ३ ऑक्टोबर २०२४ ला, तेव्हा आम्ही पेढे वाटले. पण त्या मराठीत 'आवशीन' धरलेलं असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता मुख्य गोष्ट. फेब्रुवारीच्या शेवटी, मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपासच्या शनिवारी, आमचं वर्षाचं वाचन आहे. शाळेचा हॉल मिळालाय. कवी फक्त आठ, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. ही संख्या मी हट्टाने आठवर ठेवलीय, कारण तुम्हाला ठाऊक आहे. त्यातली एक जागा मी तुमच्यासाठी मागितली आणि सगळ्यांनी एका आवाजात हो म्हटलं. मालवणीच वाचायची. उभं राहायचं नसेल तर खुर्ची ठेवू. आठही कवींच्या कविता मी मोठ्या टायपात काढून आणणार आहे, त्यामुळे चष्म्याची चिंता नको.

आई, तुझ्याशी वेगळं बोलायचंय. बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी उतरवून घेतली नसती तर ती त्यांच्याबरोबरच गेली असती. पुस्तक आलं १९५२ साली, त्या गेल्यानंतर. तू भात लावताना म्हणतेस ती गाणी आणि चतुर्थीच्या फुगड्यांची गाणी मला लिहून घ्यायची आहेत. या खेपेला रोज दुपारी एक तास मला दे. गुडघे दुखतात तर आडवी होऊन सांग, मी शेजारी बसून लिहीन.

तुतारीची तिकिटं काढलीत, कुडाळहून, दोन्ही खालचे बर्थ. पहाटे दादरला मी फलाटावर असेन, जिना चढायची घाई करू नका. वही मोठ्या ट्रंकेत आहे, माझ्या शाळेच्या स्वेटरखाली, मे महिन्यात पाहिली होती. वरची दोन पानं वाळवीने खाल्लीत, बाकी शाबूत आहे. ट्रंकेची किल्ली आईकडे.

तुमची,
बाय