आधी करून पाहा, मग छापा

मा. संपादक,

बनावट संशोधनपत्रिका आणि विकतचे शोधनिबंध यांवर सध्या बरेच छापून येते. खापर संपादक मंडळांवर फुटते आणि ते बहुतांशी रास्तही आहे. कित्येक मंडळे नावापुरतीच असतात. पण रसायनशास्त्रातले एक मंडळ शंभराहून अधिक वर्षे उलट वागत आले आहे.

पहिल्या महायुद्धात जर्मन रसायने मिळेनाशी झाली, तेव्हा अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे विद्यार्थी उन्हाळी सुट्टीत ती बनवू लागले. त्या कामातून १९२१ मध्ये ‘ऑरगॅनिक सिंथेसिस’ हे रसायने बनवण्याच्या कृतींचे प्रकाशन निघाले. रॉजर ॲडम्स, जेम्स कोनंट, हॅन्स क्लार्क आणि ऑलिव्हर कॅम हे पहिले संपादक. आलेली कृती मंडळातील एखाद्या सदस्याच्या प्रयोगशाळेत करून पाहायची, उतारा (हाती येणारा माल) जुळला तरच छापायची. २०१० ते २०१६ या काळातही सुमारे ७.५ टक्के कृती दुसऱ्या हाताला जमल्या नाहीत म्हणून नाकारल्या गेल्या.

या मंडळींच्या स्वतःच्या संशोधनालाही हीच शिस्त होती. ॲडम्स यांचा प्लॅटिनम ऑक्साइड उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, घ्या (१९२२; सविस्तर कृती १९२८). ३.५ ग्रॅम क्लोरोप्लॅटिनिक आम्ल १० मिलि पाण्यात विरघळवून त्यात ३५ ग्रॅम सोडियम नायट्रेट घालायचे आणि पोर्सिलिनच्या भांड्यात ढवळत आटवायचे. साधारण दहा मिनिटांत तापमान ३५०–३७० अंशांवर जाते, मिश्रण वितळते, तपकिरी धूर निघतो आणि सगळे फसफसून वर येते. इथे नवख्याचा हात आपसूक बर्नर बारीक करायला जातो, आणि तिथेच घोटाळा होतो. वरचा थर थिजतो, माल भांड्याबाहेर सांडतो, आणि तो माल प्लॅटिनमचा! उपाय उलटा आहे: जोरात ढवळा आणि दुसरी ज्योत वरून द्या. विसाव्या मिनिटाला ५००–५५० अंश, मग तिसाव्यापर्यंत तीच आच. गार झाल्यावर ५० मिलि पाणी घालून तपकिरी साका धुवायचा. नायट्रेट जाईपर्यंत धुवायचा खरा, पण क्षार निघून गेले की साका कलिल होऊन, म्हणजे अतिसूक्ष्म कणांत विखुरून, गाळणकागदातून निसटू लागतो. तशी चिन्हे दिसताच थांबायचे. उतारा १.५७ ते १.६५ ग्रॅम. पुढे वापरताना अल्कोहोलमध्ये हायड्रोजनने क्षपण होऊन (ऑक्सिजन निघून) तयार झालेले काळे प्लॅटिनम कोरडे पडू देऊ नये, अल्कोहोलची वाफ पेट घेते.

‘बर्नर बारीक करू नका’ ही ओळ शोधनिबंधाच्या सारांशात कधीच सापडणार नाही. ती ज्याने भांडे उतू जाताना पाहिले आहे तोच लिहितो.

एश्वायलर यांनी आधी मांडलेली आणि क्लार्क यांनी १९३३ मध्ये विस्तारलेली, फॉर्मिक आम्ल व फॉर्माल्डिहाइडने अमाइनला मेथिल गट जोडण्याची पद्धत आजही वापरात आहे. पुढे मंडळावर आलेल्या कार्ल मार्व्हल यांच्या पॉलिबेन्झिमिडॅझोल या उष्णतारोधक बहुवारिकाचे (पॉलिमरचे) धागे अग्निशामकांच्या पोशाखात असतात.

आपल्या विद्यापीठांनी एम.एस्सी. प्रकल्पांपुरती तरी ही पद्धत उचलावी. प्रत्येक प्रबंधातील एकच टप्पा निवडावा. तो दुसऱ्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याने फक्त लिखित कृती वाचून, मूळ कर्त्याला फोन न करता करावा. मिळालेले वजन आणि द्रवणांक मूळ आकड्यांशेजारी प्रबंधातच छापावेत. फरक पडला म्हणून गुण कापू नयेत. नाहीतर आकडे जुळवून आणले जातील. रसायनांचा खर्च परवडावा म्हणून टप्पा निवडताना महागडे अभिकारक टाळावेत.

— रसायनशास्त्राचे काही अध्यापक, पुणे