तालुक्यातल्या पहिल्या वकीलबाईंची नावं लिहून ठेवायला हवीत

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

महिला दिनाच्या तुमच्या पुरवणीत पहिल्या महिलांचं पान वाचलं, पहिली डॉक्टर, पहिली शिक्षिका, पहिली पायलट सगळ्या होत्या, वकील मात्र एकही नव्हती. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात बावीस वर्षं प्रॅक्टिस करतेय त्यामुळे हे मनाला लागलंच, पण जास्त लागलं ते यासाठी की देशातली पहिली बाई वकील जन्माला आली तीच मुळी नाशकात. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म १८६६. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली, मुंबई युनिव्हर्सिटीची पहिली बाई ग्रॅज्युएट, परीक्षेत अव्वल आली आणि तरी इंग्लंडला जायची स्कॉलरशिप मिळाली नाही, का तर मुलगी. मग लोकांनी पैसे जमवून दिले तेव्हा ऑक्सफर्डला गेली आणि १८९२ ला कायद्याची परीक्षा पास झाली. आता गंमत नाही, खरं सांगते, पास झाली पण डिग्री नाही, कारण बायकांना डिग्री द्यायला ऑक्सफर्डने सुरुवातच केली १९२० मध्ये. इथे परत येऊन मुंबईची एलएलबी केली, अलाहाबाद हायकोर्टाची परीक्षा दिली, सगळं झालं, पण वकील म्हणून नाव नोंदवून घ्यायला अलाहाबादने १९२१ उजाडवलं. म्हणजे परीक्षा पास झाल्यापासून जवळजवळ तीस वर्षं!

मधल्या काळात तिने काय केलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्या काळी जमीनदारांच्या विधवा पडद्यात असायच्या, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, मग वकिलाशी बोलणार कोण, तर दिवाणजी नाहीतर दीर. आणि इस्टेट खाणारा बऱ्याचदा तोच असायचा. १९०४ पासून ती बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे, म्हणजे अशा विधवांच्या आणि अज्ञान वारसांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या खात्याकडे, सरकारी नोकरीत होती, पालखीने, रेल्वेने, मिळेल त्या वाहनाने या बायकांच्या घरी जायची, आत बसून त्यांचं ऐकायची आणि बाहेर येऊन त्यांची बाजू कागदावर मांडायची. तिने मदत केलेल्या अशा बायका-मुलांची संख्या सहाशेच्या आसपास सांगतात. स्वातंत्र्य चळवळीबद्दलची तिची मतं मला अजिबात पटत नाहीत, ती इंग्रज राजवटीच्या बाजूची होती आणि गांधीजींच्या विरोधात बोलायची, कदाचित म्हणूनही आपण तिला फारसं जवळ केलं नसेल. पण म्हणून तिचं हे काम खोटं ठरत नाही.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी एक मावशी भावाबरोबर माझ्याकडे आल्या होत्या, हक्कसोड पत्र करायचं म्हणून. भाऊच बोलत होता, "बहिणीला काही नकोय मॅडम, तिची खुशी आहे." मावशी मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, परत गुंडाळत होत्या. मी भावाला म्हटलं तुम्ही जरा बाहेर झेरॉक्स काढून आणा. तो जिना उतरला आणि मावशी म्हणाल्या, "ताई, मला सही करायची नाही, पण माहेर तुटंल." एवढंच. ते हक्कसोड पत्र झालं नाही, पुढे वाटप झालं आणि सात-बाऱ्यावर मावशींचं नाव लागलं. २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे, पण तो हक्क हवाय हे तोंडाने बोलायला समोर कोणीतरी लागतं ना. माझ्या जागी पुरुष वकील असता तर मावशी बोलल्या नसत्या असं मी छातीठोक म्हणणार नाही, आमच्याकडे चांगले वकील खूप आहेत, पण मला तरी वाटतं त्या सही करून गेल्या असत्या.

आणि हे कोर्टाचं दार आपोआप उघडलेलं नाही हेही लोकांना कळायला हवं. रेजिना गुहा नावाच्या मुलीने कायद्याची डिग्री घेऊन वकिलीसाठी अर्ज केला तर १९१६ ला कलकत्ता हायकोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी तो फेटाळला. कायद्यात 'तो' म्हटलं की त्यात 'ती' पण येते हा साधा नियम तेव्हाही होता, पण वकिलीच्या बाबतीत तो लागू करायला ते तयार झाले नाहीत. पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांचं तेच झालं. शेवटी १९२३ ला वेगळा कायदाच करावा लागला की केवळ बाई आहे म्हणून कोणाला वकिलीला अपात्र ठरवता येणार नाही. मुंबई हायकोर्टात मिठन टाटा, म्हणजे लग्नानंतरच्या मिठन लाम, पहिल्या आल्या त्या याच सुमारास. त्यांची पहिली केस वाचून मला कसंतरीच झालं होतं, त्या पक्षकाराची केस एकदम पक्की होती आणि समोरच्याला बाईकडून हरल्याची नामुष्की यावी म्हणून त्याने मुद्दाम बाई वकील दिली होती. त्याच बाईंनी पुढे १९३६ च्या पारशी विवाह कायद्याच्या कामात हातभार लावला आणि १९४७ मध्ये त्या मुंबईच्या पहिल्या महिला शेरीफ झाल्या, हे शहरातलं एक मानाचं पद. मुंबई हायकोर्टात बाई न्यायाधीश यायला मात्र १९७८ उजाडलं, सुजाता मनोहर.

ही मोठी नावं शोधली की सापडतात. माझी काळजी वेगळी आहे. आमच्या बार रूमच्या भिंतीवर जुन्या वकिलांचे फोटो आहेत, हार घातलेले, त्यात एकही बाई नाही. आमच्या कोर्टात पहिली बाई कोण उभी राहिली हे विचारलं तर नव्या ज्युनिअर मुलींना सांगता येत नाही, आणि आता या मुली कमी नाहीत, सकाळी अकराला पुकारा सुरू झाला की मागच्या बाकावर फाईल घेऊन त्याच जास्त दिसतात. ज्यांना माहीत आहे ते सीनिअर लोक सत्तरी-ऐंशीतले आहेत. ते गेले की नावंही जातील.

म्हणून विनंती अशी की तुमच्या पेपरने वाचकांकडून प्रत्येक तालुक्यातल्या पहिल्या वकीलबाईंची माहिती मागवावी, सनद म्हणजे वकिलीचा परवाना कधीचा, पहिली केस कुठली, तेव्हा कोर्टात बायकांसाठी बाथरूम तरी होतं का, पक्षकार काय म्हणून हाक मारायचे, आणि आठवड्याला एक जरी छापलंत तरी चालेल. आमच्या इथल्या पहिल्या बाई आता थकल्यात, कोर्टात येत नाहीत, पण त्यांनी पहिल्या केसचं वकीलपत्र ट्रंकेत जपून ठेवलंय असं त्यांच्या सुनेने सांगितलं. येत्या रविवारी वही घेऊन मी त्यांच्याकडे जाणार आहे. तुम्ही जागा देणार असाल तर तेवढं कळवा, म्हणजे त्यांना विचारून त्या कागदाचा फोटोही काढून आणते.

आपली,
एक वकील, नाशिक जिल्हा