अंबाझरी घाटावर बिगुल वाजवणाऱ्या हवालदार साहेबांना

आदरणीय हवालदार साहेब,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. कामठीत आणि नागपूरच्या माजी सैनिकांत ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. पाकिटाला तर तुम्ही हातही लावला नाहीत. निदान पेट्रोलचे तरी घ्या म्हटल्यावर माझ्या भावाला म्हणालात, "ह्या कामाचे पैसे नाही घेत, भाऊ." म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

बाबा सैन्याच्या गार्ड्स रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्यालाही कितीतरी वर्षं लोटली होती. गेले ते आजारपणाने, मे महिन्याच्या ऐन उन्हात, स्वतःच्या पलंगावर. सेवेत वीरमरण आलेल्या जवानाला जे मिळतं, म्हणजे पथक, 'शोक शस्त्र'च्या हुकमावर उलट्या होणाऱ्या रायफली, हवेत तीन फैरी, त्याची आम्ही अपेक्षाही केली नव्हती. त्यांच्या पलटणीतल्या एका दोस्ताने, आमच्या काकांनी, तुम्हाला फोन लावला. आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. सकाळी तुम्ही दारात उभे होतात. अंगात त्या उकाड्यात ब्लेझर, छातीवर पदकं आणि काखेत पांढऱ्या दुपट्ट्यात गुंडाळलेला बिगुल.

पहिला आभार त्या तिरंग्यासाठी. गल्लीतली पोरं कुठूनतरी झेंडा घेऊन आली होती, बाबांवर पांघरायला. त्यांची भावना चांगलीच होती आणि अशा वेळी कोणाला नाही म्हणणार? तुम्ही त्यांना बाजूला नेलंत आणि आवाज न चढवता समजावलंत की ध्वजसंहितेप्रमाणे तिरंगा फक्त शासकीय, लष्करी आणि निमलष्करी दलांच्या अंत्यसंस्कारातच पांघरता येतो, तेव्हाही केशरी पट्टा डोक्याकडे हवा आणि तो चितेवर जाता कामा नये. झेंडा नीट घडी करून त्यांच्याच हातात परत दिलात. पोरं हिरमुसली नाहीत, उलट घाटापर्यंत तुमच्या मागे मागे होती. बाबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं, फक्त आवाज चढवून.

दुसरा आभार आईच्या वतीने. आमच्याकडे बाया घाटावर जात नाहीत. निदान थोरल्या आत्याच्या हयातीत तरी नाहीत. आईने तुम्हाला विचारलं, "इथंच वाजवता का भाऊ, दारात?" तुम्ही म्हणालात, "वहिनी, लास्ट पोस्ट एकदाच वाजते. त्यांच्यासमोर, शेवटी." (सैनिकाला निरोप देणारी बिगुलाची धून ती.) आई काही बोलली नाही. चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसली. आत्या बघत राहिली.

घाटावर पोचल्यापासून तुम्ही कोणाशी बोलला नाहीत, मधूनमधून पाण्याचा घोट घेत होतात. मला वाटलं उन्हाचा त्रास होतोय. नंतर कळलं की ओठ सुकले तर सूर फाटतो, म्हणून. नागपूरच्या मे महिन्यात सकाळी नऊलाच धातूला हात लावायची सोय नसते, तिथे तो ओठाला लावायचा.

आणि मग तुम्ही वाजवलंत.

मी गाणं शिकलेली आहे, थोडं शिकवतेही, त्यामुळे कान आपलं काम करतच राहतो, रडतानासुद्धा. पहिल्या काही सेकंदांतच लक्षात आलं की हा माणूस सा, ग आणि प एवढ्यावरच सगळं उभं करतोय. बिगुलाला पडदा नाही, कळ नाही. गुंडाळलेली एक नळी, आणि ओठ आवळायचे-सैल सोडायचे, तेवढ्याने नळी जे नैसर्गिक स्वर देईल तेच घ्यायचे. रे नाही, म नाही, ध-नी नाहीत. मुख्य म्हणजे कोमल गंधार नाही! करुण रस म्हटला की आम्ही ज्या कोमल स्वरांकडे धाव घेतो, त्यातला एकही या वाद्यात मिळत नाही. गंधार आहे तो शुद्ध, अगदी मंगलाष्टकानंतरच्या बँडमध्ये शोभेल असा. मग छातीत कालवलं ते कशामुळे?

तेव्हापासून मी यावर बराच विचार केला. मला वाटतं ते त्या लांबवलेल्या शेवटच्या स्वरांमुळे होतं, आणि त्यानंतर तुम्ही सोडलेल्या जागेमुळे. स्वर वर चढून थांबतो, आता पुढे काही येईल असं वाटतं, आणि येतो तो पुन्हा तोच सा. मींड नाही, मुरकी नाही, सांत्वन नाही. आमच्या भजनी मंडळातली कोणीही गायिका त्या जागी दोन हरकती घेतल्याशिवाय राहिली नसती. (मीही नसते राहिले.) जेमतेम सव्वा मिनिटाचं वाजवणं, आणि त्यात स्वतःचं म्हणून तुम्ही काहीच घातलं नाहीत. तेच मोठं होतं.

नंतर काकांनी सांगितलं की ही मुळात शोकधून नव्हेच. ब्रिटिश सैन्यात रात्री अधिकारी पहारे तपासत फिरायचा, शेवटची चौकी तपासून झाली की हा इशारा वाजायचा. सगळं ठीक, आता निजा. एकोणिसाव्या शतकात तो सैनिकाच्या दफनाच्या वेळी वाजू लागला आणि इंग्रज गेल्यावर आपल्या सैन्यानेही ठेवला. बेल्जियममध्ये ईप्र गावात मेनिन गेटच्या स्मारकाखाली 1929 पासून रोज रात्री आठला तो वाजतो, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातली वर्षं सोडली तर. त्या भिंतींवर पहिल्या महायुद्धात बेपत्ता झालेल्या भारतीय सैनिकांचीही नावं कोरलेली आहेत. म्हणजे ज्यांना घाट मिळाला नाही अशा आपल्या माणसांसाठी तिथले बिगुलवाले रोज संध्याकाळी उभे राहतात. हे मला तुमच्यामुळे कळलं.

बाबांचं अख्खं आयुष्य बिगुलावर चाललेलं. उठणं, जेवणं, रोल कॉल, दिवे मालवणं, सगळं. त्यांची बदली कामठीला, गार्ड्सच्या सेंटरला होती तेव्हा आम्ही लहान होतो. सूर्यास्ताला झेंडा उतरताना 'रिट्रीट'चा बिगुल वाजला की खेळणारी पोरं जिथल्या तिथे सावधान व्हायची. बॉल गटारात गेला तरी हलायचं नाही. निवृत्तीनंतर नागपूरच्या घरी बिगुल नव्हता, पण संध्याकाळी त्या सुमाराला ते अंगणात उगाच ताठ उभे राहायचे. आई म्हणायची, "झाली यांची परेड." त्यामुळे त्या सकाळी मला वाटलं, इतका वेळ सगळे बाबांबद्दल बोलत होते, तुम्ही एकटे बाबांशी बोललात, त्यांना कळणाऱ्या भाषेत. बाबांना सुटी दिलीत.

एक सूर किंचित हलला, असं जाताना तुम्हीच म्हणालात आणि मान खाली घातलीत. साहेब, 25 नोव्हेंबर 1963 ला आर्लिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या अंत्यविधीत अमेरिकेच्या लष्करी बँडमधल्या कसलेल्या वादकाचाही सहावा सूर फाटला होता. त्यांची धून वेगळी, 'टॅप्स' नावाची, चोवीस स्वरांची. थंडीत बराच वेळ ताटकळून, फैरी झडल्यावर लगेच त्याने वाजवलं. लोकांना तो सूर म्हणजे हुंदकाच वाटला. आता तिकडे वादक कमी पडतात म्हणून बिगुलाच्या तोंडात बसवायचं यंत्र निघालं आहे, बटण दाबलं की आतली चिप बिनचूक वाजवते आणि माणूस फक्त धरून उभा राहतो. प्रत्येक माजी सैनिकाला धून मिळावी हा हेतू चांगलाच आहे, नाही असं नाही. पण तुमचा हललेला सूर मी त्या यंत्राशी बदलणार नाही.

दोन मिनिटांची शांतता तर आम्ही शाळेपासून पाळत आलोय, तिची सवय आहे. त्यानंतर तुम्ही वाजवलेल्या 'राऊज'ची तयारी माझी नव्हती. तेच सा-ग-प, पण भरभर, सकाळी झोपलेल्याला उठवतात तसे. इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी उभी असलेली आई तेव्हा कोसळली. बाबांना उठवायचं काम रोज तिचं होतं ना, निवृत्तीनंतर. शेजारच्या ओट्यावर दुसऱ्या कोणाचा विधी चालला होता, तिथली अनोळखी माणसंही आमच्याकडे तोंड करून उभी राहिली होती. आत्यानेही घरी गेल्यावर आईला चकार शब्द विचारला नाही. आमच्या घरात ही लहान गोष्ट नव्हे.

आता एक कामाचं. कॉलनीतल्या दोन माजी सैनिकांच्या घरून तुमचा नंबर मागितलाय. तुम्हाला विचारल्याशिवाय देणार नाही, तेवढं कळवा. माझ्या भाच्याला बिगुल शिकायचाय म्हणे. फुंकून फुंकून त्याने घरातला पाण्याचा पाईप निकामी केलाय, तेव्हा दिवाळीनंतर त्याला घेऊन कामठीला येते. तोपर्यंत ओठांना तूप लावत जा, आईचा निरोप आहे.

आणि काकांचाही एक निरोप आहे, त्यांच्याच शब्दांत: "माह्या वेळेसबी त्याईलेच बोलाव. पन घाई नाही म्हना."

तुमची,
हवालदारांची मुलगी
नागपूर