धाकट्याने मागितलेला दाखला

शाहूपुरी, कोल्हापूर
शुक्रवार

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

गणपतीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही आणि खरे सांगायचे तर आजही लिहिली नसती; पण संजू या दोन-चार दिवसांत तुला फोन करील असे दिसते, आणि त्याच्या आधी माझे म्हणणे तुझ्यापर्यंत पोहोचलेले बरे. माझी साखर आहे तिथेच आहे, गुडघाही आहे तसाच आहे.

संजूने टेक्सासमध्ये ट्रकचा परवाना काढल्याचे तुला ठाऊक आहेच. पहिल्या कंपनीत तो जेमतेम दीड महिना टिकला. यार्डात रिव्हर्स घेताना शेजारी उभ्या असलेल्या ट्रेलरचा कोपरा त्याने चेपला आणि त्याच आठवड्यात कंपनीने त्याला घरी पाठवले. आता दुसऱ्या कंपनीच्या अर्जात आधीच्या मालकांची नावे, कामाच्या तारखा आणि नोकरी सुटण्याचे कारण विचारले आहे, आणि आमच्या पुतण्याला तो दीड महिना गाळायचा आहे. त्या काळात तो कोल्हापुरात आपल्या मालकांच्या गाडीवर ड्रायव्हर होता, असा दाखला मी जुन्या लेटरहेडवर लिहून द्यावा, अशी त्याची मागणी आहे. म्हणजे देहाने टेक्सासात आणि लेटरहेडने शाहूपुरीत! पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे काय करणार, असे विचारले तर म्हणतो, ‘काका, तिथवर कोण बघतंय?’ 2019 च्या पुरात आपली हजेरीची पुस्तके भिजून गेली, हेही त्याने हिशेबात धरले होते. या मुलाने शिरोलीच्या फाउंड्रीत अकाउंट्स उगाच सांभाळले नाहीत.

लेटरहेड माझ्या कपाटात आणि शिक्का तुझ्याकडे, हे त्याला माहीत आहे. मी नकार दिल्यावर तो तुझ्याकडेच वळणार, कारण दौलूचे प्रकरण तो लहानपणापासून ऐकत आला आहे.

दौलूचे नाव निघालेच आहे, तर तेही बोलून घेतो. उचलीच्या भांडणावरून आधीच्या मालकाने त्याला बदनाम केले होते, आणि तू त्या मालकाकडची दोन वर्षे झाकणारा दाखला त्याला दिलास. तेव्हा तुझे म्हणणे असे होते, की तावडे हॉटेलपाशी चहा पिता पिता चार मालक एखाद्या ड्रायव्हरचे नाव काढतात आणि मग कागलपासून पुण्यापर्यंत त्याला कोणी गाडीवर घेत नाही. आपल्याविषयी काय बोलले गेले हे त्याला कळत नाही आणि उत्तर देण्याची सोयही नसते. त्या माणसाबद्दल तुझे बरोबर होते आणि कागदाबद्दल माझे, असे मी आजही म्हणतो. यावर तुला पुन्हा अबोला धरायचा असेल तर खुशाल धर, फक्त या वेळी आधी माझी छत्री परत कर.

पण संजूची गोष्ट दौलूसारखी नाही. मी रात्री जागून त्याच्याकडून तिकडचे सगळे नियम समजून घेतले. मागच्या तीन वर्षांतले सगळे मालक अर्जात लिहावे लागतात. जड वाहनाच्या परवान्याचे काम असेल, तर त्याआधीच्या सात वर्षांत ज्यांच्याकडे व्यावसायिक वाहन चालवले तेही लिहावे लागतात, आणि खाली सगळे खरे व पूर्ण असल्याची सही करावी लागते. नवी कंपनी मागच्या तीन वर्षांतल्या वाहतूक कंपन्यांकडे चौकशी करते, ती तिने करायचीच असते, आणि जुन्या कंपनीने तीस दिवसांत उत्तर द्यायचे असते. याखेरीज ड्रायव्हरची संमती घेऊन पाच वर्षांतले अपघात आणि तीन वर्षांतल्या रस्त्यावरच्या तपासण्या यांचा सरकारी उतारा काढता येतो. दीड महिन्यात एखाद्या तपासणी नाक्यावर त्याची गाडी थांबली असेल, तर आपला दाखला तिथेच उघडा पडेल.

बापू, तुला पटेल अशी गोष्ट पुढेच आहे. जुन्या कंपनीने काय कळवले ते ड्रायव्हरला पाहता येते, चूक असेल तर दुरुस्त करून मागता येते, आणि ती कंपनी ऐकत नसेल तर त्याला आपले म्हणणे त्या नोंदीला जोडता येते. दौलूला यातले काही मिळाले असते तर तुला शिक्का उचलावा लागला नसता. शिवाय तिकडच्या नियमात अपघाताच्या नोंदीत येण्यासाठी कोणी दगावलेले असावे लागते, जखमीला दुसरीकडे नेऊन तातडीने उपचार करावे लागलेले असतात, किंवा गाडी ओढून न्यावी लागलेली असते. संजूच्या चेपलेल्या कोपऱ्यात यातले काहीच नाही. कंपनीच्या अर्जात याहून बारीक प्रश्न असू शकतात, आणि असतील तर त्यांचेही खरे उत्तर द्यायचे. पण ज्या गोष्टीची कायदा अपघात म्हणून नोंदही घेत नाही ती झाकण्यासाठी हा मुलगा खोटी नोकरी उभी करायला निघाला आहे.

मला झोप लागत नाही ती मात्र वेगळ्या कारणाने. संजूने इथे कधी छोटा हत्तीसुद्धा चालवलेला नाही. आपल्या दाखल्यावरून त्याला ट्रकचा अनुभव आहे असे त्या कंपनीने धरले आणि शिकवणारा वस्ताद सोबत न देता बर्फाच्या दिवसांत डोंगरातून भरलेली गाडी घेऊन एकट्याला पाठवले, तर? करूळ घाटात पहिल्यांदा गाडी उतरवणाऱ्या पोरांशेजारी मालक कोणाला बसवत, हे आपण दोघांनी पाहिले आहे. हे संजूच्या आईला, म्हणजे वहिनींना, समजावून सांगितले, पण त्यांच्या मते मी पुतण्याच्या पोटावर पाय देतो आहे. दादाच्या वर्षश्राद्धाच्या तयारीतही त्या माझ्याशी कामापुरतेच बोलत होत्या.

मी संजूला सांगितले आहे, की तारखा खऱ्या लिही आणि कारणाच्या रकान्यात ‘यार्डात रिव्हर्स घेताना नुकसान झाले, कंपनीने कामावरून कमी केले’ एवढेच लिही. रडगाणे नको आणि मॅनेजरला शिव्याही नकोत. नव्या माणसाला घेऊन शिकवणाऱ्या कंपन्या तिकडे आहेत, त्यांच्याकडे आधी अर्ज कर. एखादी कंपनी नाही म्हणेल, कदाचित दोन-तीन म्हणतील. त्याने ‘बघतो’ म्हटले आहे, आणि त्याच्या ‘बघतो’चा अर्थ तुला माहीत आहे.

तेव्हा त्याचा फोन आला तर शिक्का हरवला असे सांगू नकोस. तू खोटे बोलताना खोकतोस हे त्याला ठाऊक आहे. सरळ नाही म्हण, आणि जुन्या कंपनीने काय कळवले आहे याचा कागद त्याने हक्काने मागावा असे सांग. माझे बोलणे त्याला उपदेश वाटते, तुझे तो ऐकेल.

नातीचे नाव छान ठेवले आहे. तुझ्या घरच्या वहिनींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट पार पडले असेल. पुण्यातल्या लिफ्टविषयीची तुझी तक्रार वाचली, त्यावर सविस्तर पुढच्या पत्रात.

संजूशी बोलणे झाले की मला लगेच कळव, पण फोन दुपारी कर. रात्री संजूची आई जवळ बसलेली असते.

तुझा,
अण्णा