दिग्रसकडच्या मशीनवाल्या भाऊंना

मशीनवाले भाऊ, नमस्कार.

नाव विचारलं तर "नावाचं काय करता, कुठी झाड पडलं त फोन करा" म्हणत तुम्ही गाडीला किक मारली. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितो. यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रस-दारव्हा पट्ट्यात तुम्हाला ओळखणारे पुष्कळ असतील, कोणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेलच.

शेजाऱ्याची चिंच एक दिवस आमच्या घरावर येणार, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. बुंधा आतून पोकळ, अर्धा पसारा आमच्या छपराच्या कवेलूंवर, म्हणजे कौलांवर. मालकाला म्हणावं तर "आमच्या आज्यानं लावलेली हाये, हात लावू देत नसतो." ग्रामपंचायतीत म्हणावं तर तुमचा आपसातला वाद. तालुक्याला गेलो तर साहेबांनी शिकवलं की चिंच 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीतली आहे, परवानगीशिवाय तोडता येत नाही. मान्य. पण ज्या झाडापासून जीविताला किंवा मालमत्तेला धोका आहे त्याची परवानगी नाकारू नये, असंही त्याच कायद्यात आहे. ते पान कोणी उलटलं नाही. मालक अर्ज करेना, आणि आमचा अर्ज "झाड तुमचं नाही" म्हणून परत. शेवटी मे महिन्यातल्या वादळानं विनापरवाना निकाल लावला.

छपराचं मयाल, म्हणजे मुख्य लाकूड, मोडलं, स्वयंपाकखोलीची भिंत बसली. आई ओसरीत शेंगा सोलत होती म्हणून वाचली. पंचनामा झाला: कच्चं घर, अंशतः पडझड, सरकारी दरानं 4,000 रुपये. आजकाल कुंभार कवेलू थापत नाहीत. जुने शोधत फिरायचं म्हटलं तर निम्मे पैसे गाडीभाड्यातच जातील. बाकी भेटायला पुष्कळ जण आले. पुढारी आले, फोटो निघाले, चहा झाला, आणि झाड आढ्यावर तसंच. गावातल्या कापणाऱ्यांनी "खाली घर हाये, जोखीम कोण घेईन" म्हणून अंग काढून घेतलं. त्यांना दोष देत नाही. चहा पिऊन गेलेल्यांना देतो.

मग तुम्ही आलात, मागच्या सीटवर झाड कापायची मशीन बांधून, सोबत दोन पोरं आणि दोर.

भाऊ, झाड तुम्ही सफाईनं काढलं, त्याचे आभार आहेतच. पण हे पत्र त्यासाठी नाही. त्या संध्याकाळपासून आईनं लाकूड मोडल्याच्या आवाजाचा धसका घेतला होता. चुलीत घालायला कोणी काटकी मोडली तरी दोन्ही हात कानावर जायचे. हे तुम्हाला आमच्यापैकी कोणी सांगितलं नव्हतं. पहिली फांदी कडकडली, तशी ती उठून भिंतीला चिकटून उभी राहिली. तुम्ही वरून पाहिलं. मशीन बंद केली, खाली उतरलात, अंगावरचा भुसा झटकला आणि तिच्यापुढं उकिडवे बसलात.

"माय, आता ते डावीकडची पडन. आवाज लय करन, पण दोरानं बांधली हाये, घराकडं येत नाही. तू हो म्हणशीन तवाच पाडतो."

त्यानंतर प्रत्येक मोठ्या फांदीला मशीन थांबायची. "माय, पाडू का?" ती मान हलवेपर्यंत तुम्ही फांदीवर बसून राहायचे, पोरं दोर ताणून उभी. ऊन असं की खाली आम्हालाच चटके बसत होते, वर तुमचं काय झालं असेल! दुपार कलल्यावर आईचाच आवाज चढला: "थांब बापू, खाली तुळस हाये, तिकडून पाड." पोरं हसली, तुम्ही मात्र खरंच दोर दुसरीकडून घेतला.

एवढी साधी गोष्ट. नुकसान किती, क्षेत्रफळ किती, सातबारा कुणाचा, सगळ्यांनी विचारलं. तिला विचारलं फक्त तुम्ही. माणुसकीवर भाषण देणारे आमच्या तालुक्यात कमी नाहीत, दर गणपतीत एक तरी ऐकायला मिळतो. माणुसकी अशी मशीन बंद करून झाडावरून खाली उतरलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

आणि मालक! घर पडलं तेव्हा "गावाला गेले हायेत" असं कळलं होतं. बुंधा जमिनीवर आला तसे टेप घेऊन हजर. चिंचेच्या ओंडक्याला मटण तोडायच्या ठोकळ्यासाठी खाटकाकडं बरा भाव असतो ना. मला वाटलं आता भांडण होणार. तुम्ही घाम पुसत शांतपणे म्हणालात, "लाकूड तुमचंच हाये, मोजून घ्या. कवेलूबी तुमच्याच झाडानं फोडले, थेबी मोजून घ्या." गावानं आजवर त्यांना जे ऐकवलं नव्हतं ते परगावच्या माणसानं दोन वाक्यांत ऐकवलं. त्यांनी कवेलू मोजले नाहीत, पण टेप खिशात गेला.

तुमच्या पोरांनी मलब्यातून वेचून, मध्ये तणस घालून रचलेले साबूत कवेलू ओसरीवर कामी आले. स्वयंपाकखोलीवर मृगाच्या आधी टिना टाकल्या, पावसात निभेल. तुम्ही पेट्रोल आणि पोरांची मजुरी सोडून काही घेतलं नाही, हे आईला अजून पटलेलं नाही. ती आंब्याच्या रसासोबत खायचे सरगुंडे घेऊन बसली आहे. रसाचे आंबे अजून आठवडाभर पुरतील, तेवढ्यात पोरांना घेऊन जेवायला या. मशीन घरीच ठेवा.

तुमचा,
चिंचेखालच्या घरातला