आंब्यावरची पीएचडी दापोलीत होते, मग घरावरची का नाही?

प्रति,
मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मा. महोदय,

स. न. वि. वि.

आमच्या दापोलीत १९७२ पासून कोकण कृषी विद्यापीठ आहे. आंब्यावर, नारळावर, भातावर पीएचडी करणारी मुलं इथेच राहतात आणि सकाळी उठून बागेत जातात. झाड जिथे, तिथे अभ्यास. यात कुणालाच नवल वाटत नाही. त्याच १९७२ साली संसदेने वास्तुविशारद कायदा केला. पण कोकणातल्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, घरावर पीएचडी करू म्हणणाऱ्या मुलीला मात्र रात्रीची एसटी धरून मुंबई गाठावी लागते. ती मुलगी म्हणजे मी. मुलगी म्हणवून घ्यायचं वय केव्हाच गेलं, ते सोडा.

हा विषय मी हौसेने धरलेला नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या अंगाने किनाऱ्यावर आलं आणि आमच्या तालुक्यालाही झोडपून गेलं. पुढे दोन महिने मी टेप आणि वही घेऊन मोडकी घरं मोजत हिंडले. कौलं उडाली होती, माड आडवे झाले होते. पण मी पाहिलेल्या बऱ्याच घरांच्या भिंती आणि वासे जागेवर होते. कौल फुटलं तर तेवढंच बदलता येतं. पत्रा उडाला की अख्खा जातो आणि जाताजाता शेजाऱ्याच्या पडवीवर आदळतो. तरीही सावरताना लोकांनी पत्रेच घातले, कारण कौलं मिळेनात आणि शाकारणीला, म्हणजे कौलं उतरवून नीट बसवायला, माणसं मिळेनात. "ताई, तुम्ही सांगा, काय घालू?" असं विचारणाऱ्यांना मी काय सांगणार? कुठला जोड टिकला, छपराचा किती उताराचा पाख, म्हणजे उतरती बाजू, उघडा पडला, हे माझ्या वहीत होतं. पण सरकारी अभियंत्यापुढे ठेवावं इतकं पक्कं त्यातलं काहीच नव्हतं.

जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, वारा लागला की घट्ट होतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते. खाऱ्या हवेत स्लॅबची सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पडतात. हे इथल्या कुठल्याही गवंड्याला ठाऊक आहे. मात्र कुठल्या घरात, किती वर्षांत, किती ओल, हे मोजायचं तर चारही ऋतू त्या घरात जा-ये हवी.

एका विद्यापीठात मुलाखतीला गेले, तेव्हा समितीतल्या एकांनी विचारलं, "गावातलं घर? यात संशोधन काय?" आणि मुंबईतल्या टॉवरमधला उजेड संगणकावर मोजायचा विषय सुचवला. अर्धवेळ पीएचडीसाठी नोकरी देणाऱ्याचं ना-हरकत पत्र लागतं. माझं ऑफिस माझंच, तेव्हा मीच माझ्या लेटरहेडवर मला परवानगी दिली. ते चाललं. अडलं ते मार्गदर्शकापाशी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी, अशी मर्यादा आहे. नियम बरोबरच आहे. पण आर्किटेक्चरमध्ये मुळात मार्गदर्शकच मोजके, आणि त्यांची विद्यापीठं घाटापलीकडे नाहीतर खाडीपलीकडे. पीएचडीला सहा वर्षं मिळतात, बाईमाणसाला वर दोन. मला वेळ वाढवून नकोय, अंतर कमी करून हवंय.

त्याच नियमांत दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक चालतो. रत्नागिरीत मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर आहे, लोणेऱ्याला बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. २०२३ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. ला, जिथे कला आणि वास्तुकला शिकवतात, अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मग किनाऱ्यावर वास्तुकलेचं एक संशोधन केंद्र काढायला नवी इमारत कशाला हवी? कोर्सवर्क इथे घ्या, मार्गदर्शकांना वर्षातून चार फेऱ्यांचा खर्च द्या, आणि ज्या सुतार-गवंड्यांकडून आम्ही शिकतो त्यांना मानधन द्या. त्यांची नावं प्रबंधात आभाराच्या पानावर जातात, तेवढ्याने त्यांचा बुडालेला रोज भरून निघत नाही.

आमच्या वाडीतले एक सुतारकाका अजून हात आणि वितीने मापं सांगतात. मुलगा मुंबईला असतो, धंदा पुढे चालवणारं घरात कुणी नाही. येत्या मे महिन्यात त्यांच्या घराची शाकारणी आहे. कौलं उतरली की आढ्याचा सांधा उघडा दिसतो आणि मापता येतो, एरवी नाही. त्या आठवड्यात मी मुंबईत कुणाच्या तरी दाराबाहेर सहीसाठी बसलेली नसावी, एवढं बघा.

आपली,
दापोली तालुक्यातली एक वास्तुविशारद